दुपारी बंद केली की सुरूच होत नाही: मारुती ८००, १९९४, कार्बोरेटरवाली

निवृत्त_लाइनमन (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार मंडळी. खूप दिवस नुसतं वाचून राहिलो, आज लिहायची पाळी आली.

गाडी मारुती ८००, १९९४ ची, चार गिअरची, एमएच-३१. २००२ मध्ये ऑफिसातल्या एका साहेबांकडून घेतली तेव्हापासून माझ्याचकडे आहे. मागच्या पासिंगला नुसत्या रजिस्ट्रेशनच्या फीचे पाच हजार भरले. त्यावरून घरी काय ऐकलं ते इथं लिहीत नाही.

तक्रार अशी. सकाळी सहाला अर्धा चोक (थंड इंजिनला हवा कमी, पेट्रोल जास्त देणारी दांडी) ओढला की दुसऱ्या सेल्फला इंजिन पकडतं. कॉटन मार्केटला जातो, भाजी घेतो, परत येतो, काही त्रास नाही. पण दुपारी मुलीकडे वाडीला जाऊन परतताना बर्डीत पंधरा मिनिटं जरी थांबलो तं संपलं. सेल्फ फिरतो, पण गुडघे दुखणारा माणूस जिना चढतो तसा, दर पायरीला थांबत. इंजिन एकदा फुसकतसुद्धा नाही. पाच-सहा वेळा मारला की सेल्फ आणखी मंदावतो. मग मी काचा खाली करतो आणि रसवंतीवर जाऊन बसतो. तास-सव्वा तासानं येतो, किल्ली फिरवतो, चालू. जणू काही झालंच नव्हतं.

हे एप्रिलपासून आहे. मार्चपर्यंत गाडी ठणठणीत. मार्चमध्ये क्लच प्लेट बदलली, त्याशिवाय कोणी हात लावला नाही. सध्या नवतपा (मे अखेर सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे, बाहेर ४५ च्या खाली पारा उतरत नाही, त्यामुळं ज्याला विचारावं तो "गर्मी आहे काका" म्हणून मोकळा होतो. अहो, नागपूरला गर्मी काय यंदाच आली का? हीच गाडी मागच्या तेवीस मे महिन्यांत चालली.

आतापर्यंत काय केलं: बॅटरी आठ महिन्यांची, उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.१. तिन्ही प्लग नवे. ठिणगीची वेळ साधणारा पॉइंट आणि त्याचा कंडेन्सर नवा. पेट्रोल फिल्टर नवा. प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल "गरम होऊन बसते" असं मिस्त्री म्हणाला म्हणून तीही नवी. अर्थिंग मी स्वतः मीटरच्या बझरवर पाहिलं, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंत बीप वाजतो. फरक शून्य. आता एक मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर बदला, दुसरा म्हणतो पंप, तिसऱ्यानं ई-२० पेट्रोलवर ढकललं. मिस्त्रीला विचारलं प्लगला करंट किती येतो, तं म्हणे "चांगला येऊन राहिला ना काका". चांगला म्हणजे किती ते त्यालाही माहीत नाही, मलाही.

आणखी एक किरकोळ. चोकची केबल एप्रिलमध्ये जाम झाली, नवी टाकली, तीही आता अडकून राहिली. परवा दुपारी गाडी सुरू होईना म्हणून चोक ओढायला गेलो तं मुठीमागच्या दांडीचा बोटाला चटका बसला. गाडी उन्हात उभी होती म्हणा.

तेहतीस वर्षं खांबावर काढली. बोर्डात लागलो, महावितरणातून निवृत्त झालो. रात्री पावसात ११ केव्हीचा फॉल्ट शोधून काढायचो आणि ही बारा व्होल्टची पेटी मला दोन महिन्यांपासून फिरवून राहिली. कोणाला काही सुचत असेल तं सांगा. "पार्ट बदलून पाहा" सोडून.


जुनी_फियाट (धरमपेठ)

वेपर लॉक. डोळे झाकून सांगतो.

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. उन्हाळ्यात अमरावती रोडला कोंढाळीच्या आसपास ती हमखास बसायची. सोबत पाण्याची कॅन आणि जुन्या धोतराची चिंधी ठेवायचो, पिण्यासाठी नाही, पंपासाठी. पेट्रोलचे हलके भाग चाळीसच्या आसपासच उकळायला लागतात. इंजिन बंद केलं की पंखा नाही, वारा नाही, बॉनेटखालची उष्णता उलट वाढत जाते. यांत्रिक पंप इंजिनलाच चिकटलेला. त्यात आणि नळीत वाफ भरली की पंप वाफच दाबत बसतो, पेट्रोल पुढं सरकत नाही. गाडी थंड झाली, वाफेचं परत पेट्रोल झालं, गाडी चालू. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे.

ओलं फडकं पंपावर आणि पंपाच्या आधीच्या नळीवर गुंडाळा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. चालू झाली तर शंभर टक्के. पंपाला परतीची नळी असेल तर ती टाकीपर्यंत मोकळी आहे का फुंकून बघा, ती चोंदली की गरम पेट्रोल तिथंच घुटमळतं.

पण त्याआधी एक फुकटची तपासणी. तुमच्या कार्बोरेटरला एक छोटी गोल काच असते, मधोमध ठिपका. गाडी सुरू होत नाही त्या क्षणी बॉनेट उघडून त्या काचेत बघा. पेट्रोल ठिपक्याशी असेल तर मी चूक. रिकामी दिसली तर फडकं भिजवा.


निवृत्त_लाइनमन

काचेचं माहीत नव्हतं, तेवीस वर्षांत कोणी दाखवली नाही. आज दुपारी मुद्दाम बर्डीपर्यंत जाऊन आलो, मोर भवनजवळ बंद केली, वीस मिनिटं थांबलो. नेहमीप्रमाणं मुकी. काच पुसून टॉर्च मारला: पेट्रोल ठिपक्यावर, हलवल्यावर डुचमळतही होतं. तरी फडकं भिजवून ठेवलं, मनात शंका नको. काही नाही. फक्त दोन पोरं थांबून विचारून गेली, "काका, गाडीला ताप आहे का?"


शून्य_उत्सर्जन (बेसा)

काका, राग मानू नका, पण तीस वर्षांची ८०० सांभाळण्यापेक्षा भंगारात द्या आणि इलेक्ट्रिक घ्या. सेल्फच नाही, तर सेल्फची कटकट नाही. नाहीतर मेट्रो आहेच.


निवृत्त_लाइनमन

मेट्रोचा सल्ला घरून फुकट मिळतो, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. तुझ्या इलेक्ट्रिक गाडीतही एक बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते बेटा, ती बसली की तीही उघडत नाही. तेव्हा ये, जंपर देतो.


कार्बवाली_ताई (प्रताप नगर)

माझी ८०० शहाण्णवची, तिच्यावर मी गाडी शिकले आणि कार्बोरेटर उघडायलाही शिकले, म्हणून लिहिते.

काचेत पेट्रोल आहे म्हणजे पंप निर्दोष सुटला. आता उलट बाजू पाहा: पेट्रोल कमी नाही, जास्त होत असेल. गरम इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तापून थेंब थेंब खाली इनटेकमध्ये उतरतं. इंजिन ओलं होतं, पेटत नाही. अशा वेळी चोक ओढणं म्हणजे बुडत्याच्या तोंडात आणखी पाणी. तुम्ही चोक ओढलात हे वाचून मी कपाळाला हात लावला. गरम गाडीत चोक पूर्ण आत, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरायचा (पंप करायचा नाही, नाहीतर प्रत्येक दाबाला पिचकारी आत जाते) आणि सलग आठ-दहा सेकंद सेल्फ. आत हवा जाते, जास्तीचं पेट्रोल उडतं, इंजिन पकडतं.

ई-२० बद्दल: वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम मऊ पडतो, ते खरं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते हवेतलं पाणीही ओढतं. तुमच्या नळ्या जुन्या असतील तर बदला, ते वेगळं. पण पेट्रोलचाच दोष असता तर सकाळी थंड इंजिनलाही त्रास झाला असता, उलट जास्त झाला असता. सकाळी दुसऱ्या सेल्फला चालू होणारी गाडी पेट्रोलची तक्रार करत नाहीये.

फडक्यासारखाच एक प्रयोग सांगते. सुरू होत नसताना एक प्लग काढा. कोरडा की ओला?


निवृत्त_लाइनमन

ओला. पेट्रोलचा भपकारा. पाय तळापर्यंत दाबून सेल्फ मारला, तं तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला सेल्फच थकतो. दहा सेकंद फिरायची त्याची ताकदच नाही. इतका वेळ मी "सेल्फ फिरतो" म्हणून पुढं जाऊन राहिलो होतो, पण किती फिरतो ते पाहिलंच नाही.


वायरिंगवाला (कामठी रोड)

काका, मी ऑटो इलेक्ट्रिशियन. सगळं वाचलं. तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर आहे आणि ते तुम्ही "किरकोळ" म्हणून लिहिलं.

चोकच्या दांडीचा चटका. उन्हात उभी गाडी तापते, मान्य. मग स्टिअरिंगचाही चटका बसला का? गिअरच्या मुठीचा बसला का? नुसती चोकचीच दांडी काऊन तापली? आणि दोन महिन्यांत दोन चोक केबली काऊन जाम झाल्या? उघडून पाहजा, आतली प्लॅस्टिकची नळी वितळून तारेला चिकटली असेल.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून करंट जात नाही. सेल्फ मारला की शंभरच्या वर अँपिअर प्लसच्या जाड वायरनं इंजिनवर जातात, आणि बॅटरीच्या मायनसला परत यायला त्यांना अर्थची पट्टी लागते. ती पट्टी ढिली किंवा कुजलेली असली तं करंट काय घरी बसते? इंजिनला आणि बॉडीला जोडणाऱ्या आणखी तीन तारा असतात: चोकची, ॲक्सिलरेटरची, क्लचची. त्यांच्यातून जाते. चोकची सगळ्यात बारीक, ती तापते. मी एका गाडीत चोकच्या केबलमधून धूर निघताना पाहिला आहे, गाडीवाला डॅशबोर्डवर पाणी टाकून राहिला होता.

क्लच प्लेट मार्चमध्ये बदलली म्हणता. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे अर्थची पट्टी सोडावीच लागते. परत कशी लावली, लावली की नाही, ते पाहा.

आणि बझरवर भरवसा ठेवू नका. तुमचं मीटर काही एमए... म्हणजे एक अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजते. तेवढ्याला एक केस पुरतो. शंभर अँपिअरला मनगटाएवढा रस्ता लागते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंट्यावर (क्लँपवर नाही, खुंट्यावरच), लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर घासलेल्या जागी. कॉइलची मधली वायर काढून अर्थला लावून ठेवा म्हणजे इंजिन पकडणार नाही. घरून कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टच्या आत आलं पाहिजे. आकडा इथं टाकजा.

मीटर नसेल तरी चालते. जंप स्टार्टच्या दोन केबलींपैकी एकच घ्या, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा सरळ ब्लॉकला, आणि गरम गाडीत सेल्फ मारा. सेल्फचा आवाज बदलला तं समजून जा.


निवृत्त_लाइनमन

आधी कबुली देऊन टाकतो. तुमची पोस्ट रात्री अकराला वाचली आणि पलंगावर उठून बसलो. बायको म्हणाली काय झालं, तं म्हटलं, "न्यूट्रल." ती परत झोपली. तेहतीस वर्षांच्या संसारात असं अर्ध्या रात्री पुष्कळदा ऐकलं तिनं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डीपीवर (आळीला वीज वाटणाऱ्या पेटीवर) न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, जोड सुटला की आळीतले दिवे जायला पाहिजेत असं लोकांना वाटतं. जात नाहीत. एका घरात पंखा सुसाट फिरतो, दुसऱ्या घरात बल्ब मिणमिणतो, कोणाचा टीव्ही उडतो, आणि कुठंतरी नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. कारण गेलेला करंट परत येणारच, रस्ता दिला नाही तं तो स्वतःचा शोधतो. मी नव्या पोरांना हेच शिकवायचो: तक्रार जिथं आली तिथं फॉल्ट शोधू नका, जिथं नको तिथं काय तापून राहिलं ते हातानं... बरं, हातानं नाही, पण पाहा. आणि माझ्याच गाडीत नको तिथं दांडी तापली, बोट भाजलं, मी फुंकर मारली आणि पुढं गेलो.

आता आकडे. मोजायला जावयाला बोलावलं, सेल्फ त्यानं मारला.

सकाळी साडेसहा, थंड इंजिन: सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खुंट्यांत १०.६. मायनस खुंटा ते ब्लॉक १.६ व्होल्ट. पाव व्होल्टच्या जागी दीडच्या वर! तरी उरलेल्या नऊ व्होल्टवर गाडी चालू होऊन राहिली होती, म्हणून कोणाला पत्ता नाही.

दुपारी दोन, वाडीला जाऊन आल्यावर, अंगणात पंधरा मिनिटं उभी ठेवून: बॅटरी १०.३, ब्लॉक २.९. चौथ्या सेल्फला ३.४ वर गेला. चोकच्या दांडीला मी हात लावला नाही, जावयाला लावायला सांगितला. तो "आई गं" म्हणाला, म्हणजे वाचन बरोबर.

१०.३ मधून २.९ वाटेतच गेले, हातात राहिले ७.४. त्यावरच सेल्फ फिरणार आणि त्यावरच कॉइल भरणार, कारण पॉइंटचं अर्थिंग डिस्ट्रिब्युटरमधून (पॉइंट ज्यात बसतो तो डबा) इंजिनलाच आहे. कॉइलमधली ऊर्जा करंटच्या वर्गाच्या हिशेबात जाते. म्हणजे बारावर जी ठिणगी पडते तिच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच इथं. ताई म्हणतात तसं इंजिन आधीच ओलं, वरून मी चोक ओढलेला, सेल्फ मंद आणि ठिणगी मेलेली. मग कशाला पेटते? आणि मी नवी कॉइल टाकून बसलो. जुनी कॉइल कपाटात आहे, तिची माफी मागितली.

बझरचं पण कळलं. सेल्फचे शंभर-सव्वाशे अँपिअर धरले तं २.९ व्होल्टचा अडथळा येतो साधारण ०.०२४ ओहम. माझ्या मीटरच्या स्वतःच्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.३ दाखवतो. त्याला हे दिसणार कुठून? टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) होता घरात, पण तो एसीचा, डीसीला मुका. करंट धरूनच चालावं लागलं.

मग खाली वाकलो. माझ्या गाडीत बॅटरीच्या मायनसची जाडी वायर बॉडीला जाते, आणि बॉडीवरून गिअरबॉक्सला विणलेली तांब्याची पट्टी. पट्टी होती, लावलेलीही होती. बोल्ट हातानं फिरला. थिंबलच्या (पट्टीच्या टोकाची बोल्टखाली बसणारी कडी) खाली जुन्या ग्रीसचा आणि ऑइलचा थर, त्यावरच आवळलेलं. थिंबलजवळ निम्मे पदर तुटलेले, उरलेले हिरवे पडलेले. हे काम असं कोण करतं, असा राग आला होता, पण ती पट्टी तीस वर्षांची होती आणि मीच तेवीस वर्षांत एकदाही पाहिली नाही. गॅरेजचं नाव लिहीत नाही.

नवी वायर मीच केली: २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक केबल (विकत घेतलेली, बोर्डाची नाही, कोणीतरी विचारेल म्हणून सांगून ठेवतो), दोन्हीकडे क्रिंप केलेली थिंबल. बॉडीचा रंग आणि गिअरबॉक्सची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासली, बोल्ट आवळला, जोडावर व्हॅसलीन. जुनी पट्टी काढली नाही, तीही घासून सोबत ठेवली. खांबावर कधी एक जंपर जास्तीचा नडला नाही.

त्याच दुपारी परत तापवली, पंधरा मिनिटं थांबलो, मोजलं: ०.१५. सेल्फचा आवाज ऐकून जावई म्हणाला, "मामा, ही दुसरीच गाडी आहे."


वायरिंगवाला

०.१५ मस्त. आता दोन कामं करजा काका. चोकची केबल बदला, ही वितळलेलीच आहे, एखाद्या दिवशी अर्ध्यात अडकून राहिली तं गाडी पेट्रोल पिऊन टाकेल. क्लचची केबलही ओढून पाहा, जड लागली तं तिच्यातही तेच झालं. आणि प्लसच्या बाजूनंही एकदा मोजा, बॅटरीच्या प्लस खुंट्यापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत. एक बाजू सुधारली की दुसरी बोलायला लागते.


निवृत्त_लाइनमन

मोजलं, प्लसला ०.३ च्या आसपास. क्लँप घासून ०.२ वर आणलं. क्लच केबल जड आहेच, मला वाटलं नव्या प्लेटमुळं असेल. दोन्ही केबली उद्या घेऊन येतो.

आज नवतप्याचा सहावा दिवस. दुपारी एकला बर्डीत मुद्दाम उन्हात लावली, रस न पिता वीस मिनिटं इकडंतिकडं फिरलो, परत येऊन चोक आत, पाय अर्धा दाबला, दुसऱ्या फेरीत पकडली. रसवंतीवाला हात हलवून विचारत होता, आज नाही का बसत?


जुनी_फियाट

वेपर लॉक नव्हतं. मान्य. पण पद्मिनीला होतं!


अमरावतीकर_८००

काका, माझी पण सेम तक्रार आहे, ८०० अठ्ठ्याण्णवची, दुपारीच नखरे. मग मी पण सरळ अर्थची वायर बदलून टाकू का?


निवृत्त_लाइनमन

बदलू नका हो, आधी मोजा! दुपारी, गाडी सुरू होत नसतानाच. सकाळी मोजून उपयोग नाही. आधी काचेत पेट्रोल पाहा, मग एक प्लग काढून ओला की कोरडा ते पाहा, मग मायनस खुंटा ते ब्लॉक. चोक केबल कधी बदलली होती तेही सांगा. आकडे इथं टाका, वायरिंगवाले भाऊ पाहतील, मीही पाहतो.